जुन्या गाडीचा जाम झालेला किंवा डोकं झिजलेला बोल्ट कसा काढायचा

जुन्या गाडीखाली शिरण्याआधी एक गोष्ट मनाशी पक्की करून घ्यावी: बोल्टला काडीची किंमत नाही. किंमत आहे ती बोल्ट ज्यात रुतून बसलाय त्याची. इंजिनचं अ‍ॅल्युमिनियम हेड, ब्रेकचं कॅलिपर, गिअरबॉक्सचं आवरण, चासीच्या आत वेल्ड केलेला नट, यांची. बोल्ट नवा आणता येतो. हेडमधले आटे गेले की मशीन शॉपची पायरी चढावी लागते. अजून जोर लावायचा की थांबायचं, तापवायचं की कापायचं, हे सगळे निर्णय याच हिशेबाने घ्यायचे.

दुसरं म्हणजे, जाम झालेला बोल्ट आणि डोकं गोल झालेला बोल्ट हे दोन वेगळे रोग आहेत. पहिल्यात डोकं शाबूत असतं आणि आटे धरलेले असतात. दुसऱ्यात आटे कदाचित ठीकही असतील, पण पाना धरायला कोपरे उरलेले नसतात. पहिल्यावर घाईने उपचार केला की दुसरा होतो, आणि दुसऱ्यावर घाई केली की बोल्ट तुटतो. म्हणून पहिला रोग पहिल्यातच निस्तरणं सगळ्यात स्वस्तात पडतं.

बोल्ट जाम का होतो

लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो. आट्यांमधल्या बारीक फटीत गंज धरला की तो फुगून नट आणि बोल्ट एकमेकांवर दाबून धरतो. गाडीच्या पोटाखाली, चाकांपाशी आणि सायलेन्सरवर हाच प्रकार. अ‍ॅल्युमिनियममध्ये बसवलेल्या पोलादी बोल्टचं दुखणं निराळं: दोन वेगळे धातू आणि त्यांच्यामध्ये ओल, की अ‍ॅल्युमिनियम झिजून पांढरी भुकटी होते आणि ती आट्यांत सिमेंटसारखी बसते. थर्मोस्टॅटचं झाकण आणि वॉटर पंपाचे बोल्ट यासाठी कुप्रसिद्ध. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे स्टड (डोकं नसलेले, दोन्ही टोकांना आटे असलेले बोल्ट) हजारो वेळा तापून निवलेले असतात. ते जामही होतात आणि आतून बारीकही होतात. चौथं कारण म्हणजे थ्रेडलॉक, आटे सैल होऊ नयेत म्हणून लावलेला डिंक. निळा थ्रेडलॉक साध्या पान्याने सुटतो, लाल मात्र साधारण २५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवल्याशिवाय दाद देत नाही. सुटू लागलेल्या बोल्टच्या आट्यांवर लाल किंवा निळी भुकटी दिसली, तर शेजारचे बोल्टही तसेच असणार हे समजून घ्या.

कारण ओळखायचं अशासाठी की उपाय त्याप्रमाणे बदलतो. गंजावर तेल चालतं, लाल थ्रेडलॉकवर ते ओतून काहीही होत नाही, तिथे उष्णताच हवी.

पाना लावण्याआधी

आधी तारेच्या ब्रशने बोल्टचं डोकं, त्याच्या भोवतीची जागा आणि नटाबाहेर आलेले आटे स्वच्छ करायचे. हे बहुतेक जण टाळतात. नटाबाहेर दोन सेंटीमीटर गंजके आटे असतील तर नट सुटल्यावरही त्यांच्यावरून यायला नकार देतो आणि अर्ध्या वाटेत पुन्हा अडकतो. एलन (डोक्यात षट्कोनी भोक) किंवा टॉर्क्सचा (डोक्यात सहा पाकळ्यांचं भोक) बोल्ट असेल तर आतला चिखल टोकदार सळईने कोरून काढायचा. किल्ली तळापर्यंत गेली नाही तर वरचेच कोपरे खाते.

मग माप. मेट्रिक गाडीत एम६ (म्हणजे ६ मिमी जाडीच्या) बोल्टचं डोकं बहुधा १० मिमीचं, एम८ चं १३ मिमीचं (जपानी गाड्यांत १२), एम१० चं १६ किंवा १७ (जपानीत १४). पण जुन्या ब्रिटिश आणि अमेरिकन गाड्यांत इंची माप असतं, आणि तिथे फसगत होते. अर्ध्या इंचाचं डोकं म्हणजे १२.७ मिमी, त्यावर १३ चा पाना बसल्यासारखा वाटतो, जोर लावला की कोपरे खातो. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिमी, तिथे मात्र १९ चा चालून जातो. पाना जरा जरी डुगडुगला तरी थांबून दुसरं माप लावून बघायचं.

सॉकेट, म्हणजे आपली गोटी, सहा कोनीच हवी. बारा कोनी गोटी अरुंद जागेत सोयीची खरी, पण ती जोर कोपऱ्याच्या अगदी टोकावर देते. सहा कोनी गोटी सपाट बाजूंवर धरते. फिक्स पान्याला तर जाम बोल्टच्या जवळ फिरकू देऊ नये. त्याचं उघडं तोंड फाकतं आणि दोनच कोपऱ्यांवर सगळा भार येतो. गोटी डोक्यावर पूर्ण बसली आहे ना, हे बोटाने चाचपायचं. गंजाने फुगलेल्या डोक्यावर ती हातोड्याने हलके ठोकून बसवावी लागते, तीही हरकत नाही. खोल गोटी आणि लांब एक्स्टेंशन शक्यतो टाळा. गोटी तिरकी झाली की कोपरे गेलेच.

फिरवण्याची दिशा सांगायला नको असं वाटेल. पण गाडीखाली उताणं पडून वरच्या बोल्टकडे बघताना भल्याभल्यांची दिशा चुकते, आणि जाम बोल्ट आणखी आवळला जातो. उलट्या आट्यांचे अपवादही आहेत. काही जुन्या गाड्यांच्या, उदाहरणार्थ १९७० पूर्वीच्या अनेक क्रायस्लर गाड्यांच्या, डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलटे सुटतात. काही गाड्यांत रेडिएटरच्या फॅनचा मोठा नटही तसा असतो. शंका असेल तर त्या गाडीचं वर्कशॉप मॅन्युअल उघडा.

जिवाची काळजी: गाडी जॅकवर ठेवून तिच्याखाली शिरायचंच नाही, स्टँड लागतात, आणि तेही भक्कम सपाट जमिनीवर. लांब दांड्याला हिसका दिला की गाडी हलते. दांडा आपल्याकडे ओढायचा. ढकलायचाच असेल तर उघड्या तळहाताने, म्हणजे पाना सटकला तर बोटांची सालं निघत नाहीत. डोळ्यांवर चष्मा पहिल्यापासून हवा, कारण गंजाचे पोपडे ग्राइंडर येण्याची वाट पाहत नाहीत.

तेल आणि धीर

गंज भेदणारं तेल, म्हणजे पेनिट्रेटिंग ऑइल, अतिशय पातळ असतं आणि केशाकर्षणाने आट्यांत शिरतं. साधं डब्ल्यूडी-४० मुळात पाणी हटवण्यासाठी बनवलेलं आहे, त्याचा उपयोग होतो पण खास यासाठीच बनवलेली तेलं जास्त खोल जातात. काहीच नसेल तर डिझेल किंवा रॉकेलही काही प्रमाणात काम करतं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल (एटीएफ) आणि अ‍ॅसिटोन निम्मं निम्मं मिसळून वापरणारे मेकॅनिक बरेच आहेत. ते चालतं, मात्र दोन्ही नीट एकजीव होत नाहीत, त्यामुळे दर वेळी हलवून घ्यावं लागतं, आणि अ‍ॅसिटोन झटकन पेट घेतं, रंगही खातं.

तेल कुठल्या बाजूने टाकायचं याला महत्त्व आहे. बोल्टच्या डोक्यावर भरपूर फवारा मारून उपयोग नाही, तेल आट्यांपर्यंत पोहोचायला हवं. आरपार बोल्ट असेल तर नटाच्या बाजूने, उघड्या आट्यांवर टाकायचं. आंधळ्या, म्हणजे तळ बंद असलेल्या भोकातला बोल्ट असेल तर डोक्याखालच्या वायसरपाशी, आणि शक्य तर तो बोल्ट वर तोंड करून असेल अशा स्थितीत. आज संध्याकाळी, उद्या सकाळी, उद्या संध्याकाळी असं थोडं थोडं टाकत, मधे हातोड्याचे हलके ठोके देत गेलात तर परवा जे काम पाच मिनिटांत होतं ते आज दोन तास जोर लावून होणार नाही. ब्रेकच्या डिस्कवर, पॅडवर आणि रबरी बुशांवर मात्र तेल जाऊ देऊ नका.

पहिला जोर, आणि हाताला काय लागतं

थोडा हिशेब. ८.८ दर्जाचा (डोक्यावर तसा आकडा कोरलेला असतो) एम६ बोल्ट साधारण १० न्यूटन-मीटरला (हे टॉर्कचं, म्हणजे पिळण्याच्या जोराचं माप) आवळतात, एम८ पंचविसाच्या आसपास, एम१० पन्नासच्या आसपास. आता अर्ध्या मीटरचा ब्रेकर बार (गोटी लावायचा लांब दांडा) घेऊन तुम्ही २० किलोचा जोर लावलात तर बोल्टवर जवळजवळ १०० न्यूटन-मीटर पडतात. म्हणजे एम८ च्या आवळण्याच्या चौपट. तुमच्या मते तुम्ही अजून जोरही लावलेला नसतो, आणि बोल्ट पिळवटून तुटलेला असतो. म्हणून एम६ आणि एम८ ला लांब दांडा लावायचाच नाही. लांब दांडा एम१२ आणि त्याहून मोठ्या बोल्टांसाठी, म्हणजे सस्पेन्शन, चाकं, हब यांच्यासाठी.

जोर हळूहळू वाढवत न्यायचा आणि हाताला काय जाणवतं तिकडे लक्ष द्यायचं. ‘टक्’ असा कोरडा आवाज येऊन दांडा एकदम हलला तर पकड सुटली, उत्तम. कर्रकर्र करत, अडखळत पण सलग फिरतोय, तर गंज भरडला जातोय, तेही ठीक. पण दांडा मऊ लागतोय, आवाज नाही, आणि सोडला की पाना थोडा मागे येतोय, तर बोल्ट फिरत नाहीये, त्याला पीळ पडतोय. याच क्षणी थांबायचं. आणखी एक खूण आहे: सुरुवातीला कडक होता आणि आता अचानक लोण्यासारखा जातोय, पण बोल्ट बाहेर येताना दिसत नाही. तो ताणून कापला जातोय. या दोन खुणा ओळखता आल्या तर पुढची बरीचशी कामं तुम्हाला करावीच लागणार नाहीत.

सोडवण्याआधी किंचित आवळून बघणं, हा उलटा वाटणारा उपाय चांगला चालतो. गंजाची पकड कुठल्याही दिशेने मोडली तरी मोडतेच, आणि आवळण्याच्या दिशेला ती कधीकधी आधी मोडते. फक्त एक केसभर, त्याहून जास्त नाही. हलला की पाव फेरा सोडवायचा, तेल, परत अर्धपाव आवळायचा, पुन्हा सोडवायचा. एकदा हललेला बोल्ट सलग काढायला जाऊ नका. मोकळा झालेला गंज पुढच्या आट्यांत साचतो आणि बोल्ट दुसऱ्यांदा, पहिल्यापेक्षा वाईट अडकतो.

ठोके

बोल्टच्या डोक्यावर सरळ, अक्षाच्या दिशेने ठोका दिला की आट्यांच्या दोन बाजूंमधला गंजाचा थर तडकतो. जाड पंच डोक्याच्या मधोमध ठेवून मध्यम हातोड्याने पाच-सहा चोख ठोके. नटाच्या बाबतीत दोन समोरासमोरच्या बाजूंना एकाच वेळी ठोकायचं: एका बाजूला जड हातोडा टेकवून धरायचा आणि दुसऱ्या बाजूने मारायचं. अ‍ॅल्युमिनियमच्या भागात बसलेल्या बोल्टवर मारताना हात आखडता घ्या, कारण कास्टिंगचा कान तुटला तर बोल्ट निघाला काय आणि राहिला काय. स्टडच्या उघड्या टोकावर ठोकायचं असेल तर आधी जुना नट टोकापाशी चढवून त्यावर ठोका, नाहीतर आटे चपटे होतात.

इम्पॅक्ट गन हेच काम फिरवता फिरवता करते. कमी जोरावर सुरू करून तिला थोडा वेळ नुसती खडखडू द्या. सलग ताकदीपेक्षा झटक्यांनी बोल्ट तुटण्याचा धोका कमी असतो, पण एम६ वर इम्पॅक्ट गन लावणं म्हणजे डास मारायला तोफ. गोटी इम्पॅक्टची, काळ्या रंगाची हवी. चकचकीत क्रोमची गोटी तडकून उडते.

उष्णता

माझ्या मते जाम बोल्टवरचा सगळ्यात खात्रीचा उपाय हाच, आणि सर्वांत जास्त चुकीच्या पद्धतीने केला जाणाराही हाच.

तापवायचं ते बाहेरच्या भागाला, म्हणजे नटाला किंवा बोल्टभोवतीच्या धातूला. एम१० चा पोलादी नट ३०० अंशांनी तापवला तर त्याचं भोक सुमारे ०.०३६ मिमीने मोठं होतं. ऐकायला काहीच नाही, पण गंजाची पकड मोडायला तेवढं पुरतं. शिवाय तापताना आणि निवताना होणाऱ्या हालचालीने गंजाचा थर भुगा होतो, आणि खरा फायदा बहुधा त्याचाच असतो. म्हणून लालभडक असतानाच ओढाताण करू नका. तापवा, थोडं निवू द्या, हलवून बघा, पुन्हा तापवा. अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे अ‍ॅल्युमिनियमच्या हाउसिंगमधल्या पोलादी बोल्टला दीडशे-दोनशे अंशही पुरतात, तिथे हॉट एअर गन काम करते. ज्योत वापरायचीच असेल तर फार जपून, कारण अ‍ॅल्युमिनियम रंग न बदलता एकदम वितळतं.

निवताना मेणबत्तीचा तुकडा आट्यांच्या तोंडाशी टेकवा. नट मेण वितळेल इतपत गरम हवा, पेटेल इतका नाही. वितळलेलं मेण आत ओढलं जातं आणि वंगणाचं काम करतं. जुन्या फिटरांची ही युक्ती नळजोडणीपासून इंजिनपर्यंत सगळीकडे चालते.

ज्योत कुठे न्यायची नाही, ते इथे नीट वाचा. पेट्रोलची नळी, टाकी, ब्रेकच्या नळ्या, शॉक अ‍ॅब्सॉर्बर, डिकीच्या झाकणाचे गॅस स्ट्रट, एअरबॅग, एसीच्या नळ्या: यांच्या जवळपास ज्योत नाही. बंद नळकांड्यातला वायू तापला की ते फुटतं. नुकतंच तेल फवारलेलं असेल तर आधी पुसून काढा. ज्या भागावर ब्रेक क्लीनर मारला आहे तो तापवू नका. काही ब्रेक क्लीनरमध्ये क्लोरीनयुक्त द्रावण असतं, आणि ते ज्वाळेत किंवा वेल्डिंगच्या ठिणगीत फॉस्जीन नावाचा विषारी वायू सोडतं. जस्ताचा मुलामा असलेला नट तापवताना निघणारा पांढरा धूरही छातीत घेऊ नये. आग विझवण्याचं साधन हाताच्या अंतरावर असू द्या.

तापवलेला बोल्ट किंवा नट परत वापरायचा नाही. त्याचं टेम्पर उतरलेलं असतं.

डोकं गोल झालंय

पाना एकदा सटकला की तोच पाना पुन्हा लावून नशीब अजमावू नका. दर सटकण्यासोबत उरलेले कोपरे जातात. लगेच पकड बदलायची.

सगळ्यात सोपं म्हणजे एक माप लहान गोटी ठोकून बसवणं. इंची आणि मेट्रिक मापं इथे एकमेकांच्या मदतीला येतात: १३ मिमीचं झिजलेलं डोकं अर्ध्या इंचाच्या (१२.७) गोटीत घट्ट बसतं, १० मिमीचं डोकं तीन अष्टमांश इंचाच्या (९.५) गोटीत, १६ चं पाच अष्टमांशात. गोटी सहा कोनी आणि जुनी घ्या, कारण बोल्ट निघाल्यावर तो तिच्यातून पंचाने ठोकूनच काढावा लागतो. डोकं फार मोठं असेल तर कानशीने सहाही बाजू घासून खालच्या मापाचा षट्कोन करता येतो. जागा असेल तर फक्त दोन समांतर सपाट बाजू केल्या तरी व्हाइस ग्रिपला (आवळून अडकवता येणाऱ्या पक्कडीला) पकड मिळते.

आतून उलट्या चक्राकार धारा असलेले बोल्ट एक्स्ट्रॅक्टरचे सॉकेट मिळतात. तुम्ही जुनी गाडी बाळगून असाल तर हा संच घ्याच. फिरवू तितका तो डोक्यात रुतत जातो. व्हाइस ग्रिप हा त्यानंतरचा पर्याय. तो वापरायचा तर डोक्याच्या बाजूने, दात पूर्ण रुतवून, स्क्रू कमाल घट्ट करून. अर्धवट आवळलेला व्हाइस ग्रिप उरलेल्या डोक्याचा चेंडू करतो.

मग छिन्नी. डोक्याच्या कडेवर छिन्नीने खाच पाडायची, नंतर ती तिरकी धरून सुटण्याच्या दिशेने ठोकायचं. ठोका आणि पीळ दोन्ही एकदम मिळतात, त्यामुळे हे वाटतं त्याहून जास्त वेळा चालतं. नट असेल आणि बाकी काही हललं नाही, तर नट स्प्लिटरने फोडा, किंवा ग्राइंडरने नटाची एक सपाट बाजू आट्यांपर्यंत न जाता घासून पातळ करा आणि छिन्नीने चिरा. स्टड वाचतो.

वेल्डिंग येत असेल तर डोक्यावर मोठा नट ठेवून त्याच्या पोटात वेल्ड भरा. नवं डोकं मिळतं, आणि वरून आतपर्यंत उष्णताही जाते. माझ्या हिशेबी हा सगळ्या उपायांचा राजा. वेल्डिंगआधी बॅटरीची तार काढून ठेवा आणि अर्थचा चिमटा बोल्टच्या जवळ लावा.

एलनचं भोक गोल झालं असेल तर टॉर्क्सचा बिट ठोकून बसवा: ५ मिमीच्या एलनला टी-३०, ६ मिमीला टी-४०, ८ मिमीला टी-५०. स्टारच्या, म्हणजे अधिक चिन्हासारखी खाच असलेल्या फिलिप्स स्क्रूला, विशेषतः ब्रेक डिस्क धरून ठेवणाऱ्या स्क्रूंना, हाताचा स्क्रूड्रायव्हर लावूच नका. हातोड्याने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर लावा. बिटच्या टोकाला थोडी व्हॉल्व्ह ग्राइंडिंग पेस्ट लावली तर तिच्यातल्या दाण्यांमुळे पकड वाढते. जपानी गाड्यांच्या स्टार स्क्रूंची खाच नेहमीच्या फिलिप्सपेक्षा थोडी वेगळी असते, आणि तिथे जपानी मापाचा, म्हणजे जेआयएसचा स्क्रूड्रायव्हर घेतला तर निम्मं भांडण मिटतं.

तुटलाच तर

आधी बघायचं की काही बाहेर उरलंय का. अर्धा सेंटीमीटर जरी बाहेर असेल तरी ते सोनं आहे. तेल, उष्णता, मग व्हाइस ग्रिप किंवा स्टड एक्स्ट्रॅक्टर. डोकं तुटल्यामुळे आवळण्याचा ताण निघून गेलेला असतो, त्यामुळे असा तुकडा कधीकधी आश्चर्य वाटावं इतका सहज फिरतो. पृष्ठभागाशी समपातळीत तुटलेल्यावर वायसर ठेवून त्याच्या भोकातून वेल्ड करायचं, मग वायसरवर नट वेल्ड करायचा. पोलादी वेल्ड अ‍ॅल्युमिनियमला चिकटत नाही, म्हणून हे हेडवरही करता येतं.

वेल्डिंग शक्य नसेल तर ड्रिल. इथे घाई केली की हेड जातं, म्हणून क्रमाने:

१. तुटलेलं तोंड कानशीने किंवा छोट्या ग्राइंडरने सपाट करा. वाकड्यातिकड्या तोंडावर पंच मध्यावर बसतच नाही.

२. मध्य काढून सेंटर पंच मारा. भिंगातून तपासा. मध्य चुकला असेल तर पंच तिरका धरून खूण सरकवता येते, भोक पाडल्यावर ती संधी जाते. बोल्ट भोकात खोल तुटला असेल तर त्या भोकात बसणारी, मधे बारीक छिद्र असलेली बुश लेथवर करून घ्या आणि तिच्यातून ड्रिल करा.

३. एम८ साठी ३ मिमीपासून सुरुवात. वेग कमी, दाब भक्कम, कटिंग ऑइल सतत. बिट नुसता घासला गेला तर पोलाद वरून कडक होतं आणि मग काहीच कापत नाही. कोबाल्टचे बिट चांगले. उलट्या दिशेने फिरणारे, डाव्या हाताचे बिट मिळाले तर तेच वापरा. भोक पाडता पाडता तुकडा स्वतःच सुटून वर येण्याची बरीच शक्यता असते.

४. बिटवर चिकटपट्टी लावून खोलीची खूण करा. इंजिन ब्लॉकमधल्या पुष्कळ भोकांच्या तळाशी पाण्याचा मार्ग असतो.

५. आता एक्स्ट्रॅक्टर. सरळ खाचांचा असेल तर चांगला. निमुळता, चक्राकार एक्स्ट्रॅक्टर फिरताना तुकड्याला बाहेरच्या बाजूला फुगवतो, आणि आधीच जाम असलेला आणखी जाम होतो. एक्स्ट्रॅक्टर कडक पोलादाचा असतो. तो आत तुटला तर साधा ड्रिल त्याला ओरखडाही काढत नाही, मग कार्बाइडचा बिट किंवा स्पार्क इरोजन मशीन. त्यामुळे मध्यम जोराने निघत नसेल तर एक्स्ट्रॅक्टर बाजूला ठेवून पुढच्या पायरीला जा.

६. भोक वाढवत आट्यांच्या मुळापर्यंत न्या: एम६ ला ५ मिमी, एम८ ला ६.८, एम१० (१.५ पिच) ला ८.५. भोक खरंच मध्यावर असेल तर आट्यांत फक्त स्प्रिंगसारखी तार उरते, ती टोकदार हत्याराने सोलून काढता येते. नंतर टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, फिरवून आटे साफ करा. मध्य चुकून आटे खराब झाले तर हेलिकॉइल, म्हणजे नवे आटे देणारी तारेची गुंडाळी बसवायची. नीट बसवलेली हेलिकॉइल अ‍ॅल्युमिनियममध्ये मूळ आट्यांपेक्षा जास्त टिकते, त्यात कमीपणा काहीच नाही.

ड्रिल चालवताना हातमोजे घालायचे नाहीत. बिटात मोजा गुंतला की बोटही जातं.

काही ठरलेल्या जागा

ब्रेकचा ब्लीडर निप्पल (ब्रेक ऑइलमधली हवा काढायचा छोटा स्क्रू) पोकळ असल्यामुळे पटकन पिळवटतो. सहा कोनी गोटीच लावा, आणि त्याच्या छिद्रात बरोबर बसणारा ड्रिल बिटचा मागचा दांडा घालून ठेवा, म्हणजे तो आत चेपत नाही. ब्रेकच्या नळीच्या नटाला फ्लेअर पाना (नळीवरून सरकवण्यापुरतं तोंड उघडं असलेला रिंग पाना) लागतो. तो नळीवरच गंजून बसला असेल तर नळी कापून टाका, गोटी लावून नट काढा आणि नळी नवी करा. जुन्या गाडीत ती तशीही बदलण्याच्या वयाची असते.

ऑक्सिजन सेन्सर इंजिन कोमट असताना सहज निघतो, स्पार्क प्लग मात्र अ‍ॅल्युमिनियम हेडमधून इंजिन थंड असतानाच काढायचे. सस्पेन्शन आर्मचा लांब बोल्ट फिरतो पण बाहेर येत नाही, असं झालं तर तो बुशच्या आतल्या पोलादी नळीशी एकजीव झालाय. त्याला तेल आणि ठोके फारसे लागू पडत नाहीत. बुश बदलायचीच असेल तर दोन्ही बाजूंनी करवतीने बोल्ट कापणं हा वेळ वाचवणारा मार्ग. चासीतला वेल्ड केलेला नट सुटून बोल्टबरोबर फिरायला लागला तर जवळच्या पत्र्यात छोटी खिडकी कापून नट पान्याने धरावा लागतो. काम झाल्यावर त्या खिडकीला गंजविरोधी रंग आणि झाकण, नाहीतर ओल तिथूनच आत शिरते.

परत बसवताना

भोकातले आटे टॅपऐवजी थ्रेड चेसरने साफ करा. टॅप धातू कापतो, चेसर फक्त घाण काढतो. चेसर नसेल तर त्याच मापाच्या बोल्टला उभ्या तीन खाचा करवतीने पाडल्या की काम भागतं. आंधळ्या भोकात तेल किंवा पाणी साचू देऊ नका. बोल्ट आवळताना द्रवाला जायला वाट नसते, आणि त्या दाबाने ब्लॉकला तडा जाऊ शकतो. हवेच्या झोताने भोक कोरडं करा.

नवा बोल्ट त्याच दर्जाचा घ्या. १०.९ च्या जागी ८.८ चालत नाही, आणि स्टेनलेसचा बोल्ट दिसायला छान असला तरी बहुधा मूळ बोल्टइतका ताकदवान नसतो, शिवाय अ‍ॅल्युमिनियमशी त्याचं जमत नाही. एक्झॉस्टच्या आणि गाडीखालच्या आट्यांना अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) लावा. मात्र आवळताना हे लक्षात घ्या की टॉर्कचा साधारण ९० टक्के भाग घर्षणातच खर्च होतो आणि बोल्ट ताणायला जेमतेम दहावा हिस्सा उरतो. घर्षण कमी झालं की तोच टॉर्क बोल्टला कितीतरी जास्त ताणतो. मॅन्युअलमधला आकडा कोरड्या आट्यांसाठी असेल तर अँटी-सीझ लावून तेवढाच आवळू नका. चाकांच्या स्टडना आणि नटांच्या तिरक्या बैठकीला, गाडीच्या कंपनीने सांगितलं नसेल तर, काहीही लावायचं नाही, कोरडे आणि स्वच्छ ठेवायचे. आणि चाकं काढून बसवली असतील तर ५० ते १०० किलोमीटर चालवल्यावर नटांचा टॉर्क पुन्हा एकदा तपासा.